गांडुळं पळून गेली! (कोल्हापूर, शिवाजी पेठ, गच्ची, भर पावसाळा)

गच्चीवरची_बाग | १४ जुलै, सकाळी ७:४०

काल सकाळी सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी बेल वाजवली. दार उघडलं तर हातात खराट्याची काडी आणि काडीवर एक गांडूळ. "हे तुमचंच का?" चुकलेलं मांजर परत आणून द्यावं तसा आवाज. नाही म्हणायची सोयच नव्हती. जिन्यात आणखी पंधरा-वीस पडली होती आणि एक तर त्यांच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीत लोळत होतं.

झालं असं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका नर्सरीतनं एक किलो गांडुळं आणली. नर्सरीवाला म्हणाला, "काय नाय वहिनी, शेण घालायचं, ओला कचरा टाकत राहायचं, दीड महिन्यात चहापत्तीसारखं खत." दोनशे लिटरचा निळा ड्रम उभा चिरून घेतला. तळाला भोकं पाडली, खाली विटा लावल्या. आत विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, मग गल्लीतल्या गोठ्यातनं त्याच दिवशी आणलेलं म्हशीचं शेण, त्यावर गांडुळं. आणि वर रोजचा कचरा. घरात आठ माणसं, त्यामुळं दीड-दोन किलो सहज निघतो. मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, आंब्याच्या साली, उरलेला भात, एकदा आमटीसुद्धा. पाऊस लागल्यावर झाकण घट्ट लावलं, वर दगड ठेवला.

काल झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. गटारीचा वास. तळाशी काळं पाणी, मधोमध आंब्याच्या सालींचा चिखल आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचे नुसते गुच्छ लटकलेले.

आता काय करू? सासरे म्हणतायत, रविवारपर्यंत ड्रम खाली नाही आला तर मी आणतो. त्यांचं वय ७८ आहे आणि ते खरंच आणतील.

तिखटजाळ | १४ जुलै, ८:०२

गांडुळं घर सोडून गेली म्हणजे सैपाकाचं अवघड दिसतंय. (हलकं घ्या.)

राजारामपुरीचा_बोळ | १४ जुलै, ८:१५

आमटी कशाला घातलीत? साधी होती की कटाची?

गच्चीवरची_बाग | १४ जुलै, ८:३१

कटाची. बेंदराच्या पोळ्यांची उरलेली.

राजारामपुरीचा_बोळ | १४ जुलै, ८:३३

मग गांडुळांची काय चूक.

सूक्ष्मदर्शक | १४ जुलै, ११:२०

ताई, मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तुमची गांडुळं पळाली नाहीत, जीव वाचवायला बाहेर पडली.

गांडुळाला फुप्फुस नसतं. कातडीतूनच श्वास, आणि तोही कातडी ओली असेल तरच. तुमच्या ड्रममध्ये पाणी साचलं, कचरा दबला, वर झाकण आणि दगड. आतला प्राणवायू संपला की कुजणं थांबतं आणि सडणं सुरू होतं. गटारीचा वास त्या सडण्याचा. शिवाय आमटीतलं मीठ आणि तेल. ओल्या उघड्या कातडीच्या जिवाला मीठ म्हणजे काय, ते जळवेवर मीठ टाकलेलं बघितलं असेल तर सांगायला नको.

त्याच्याही आधीची चूक म्हणजे ताजं शेण. ताज्या शेणाचा ढीग पहिले दोन आठवडे आतून तापतो, हात घालून बघा, चटका बसतो. आपल्याकडे विकतात ती गांडुळं बहुतेक आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी. आयसेनियाला १५ ते २८ अंश मानवतं, ३५ च्या पुढं ती मरायला लागतात. शेण पंधरा-वीस दिवस सावलीत पडू द्यायचं, मधूनमधून पाणी मारायचं, गार झालं की मगच वापरायचं.

पण नर्सरीवाल्याने तुम्हाला सांगितली नाही ती मुख्य गोष्ट वेगळीच आहे. गांडुळाला दात नसतात. कोथिंबिरीची ताजी काडी त्याला खाताच येत नाही. आधी बुरशी आणि जिवाणू ती मऊ करणार, मग गांडूळ तो लगदा गिळणार आणि पोटातल्या पेषणीत बारीक वाळूच्या कणांबरोबर दळणार. म्हणजे ड्रम ही कचराकुंडी नव्हे, ती पंगत आहे, आणि पंगतीत शिजलेलंच वाढायचं असतं. शिजवायचं काम दुसऱ्या भांड्यात, आठ-दहा दिवस आधी.

आता हिशोब बघा. एक किलोत साधारण हजारभर गांडुळं बसतात आणि सगळं मनासारखं असेल तर ती दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खातात. म्हणजे अर्धा किलो. तुम्ही घालत होता दोन किलो.

आज करायचं ते असं: गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात पोतं पसरा आणि ड्रम त्यावर पालथा करा. चिखल बाजूला काढा. जिवंत गांडुळं हाताने वेचा (हातमोजे घाला, पण वेचा). ड्रम धुऊन भोकं मोठी करा. तळात फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, वाळका पाला, सगळं भिजवून पिळून. त्यावर जुनं शेण मिळालं तर चार मुठी. मग गांडुळं. पाच-सहा दिवस काहीही खायला घालू नका. पहिल्या दोन-तीन रात्री ड्रम उघडा ठेवून वर दिवा लावून ठेवा. उजेड त्यांना सोसत नाही, ती खाली जातील आणि वहिनींची रांगोळी वाचेल.

करवीरकाकू | १४ जुलै, १२:०५

"ती पंगत आहे" हे आवडलं. ओलावा किती ते सांगायचं राहिलं का सर? मी मूठभर घेऊन पिळते. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर वाळका पाला घालायचा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडायचं. मोजमापाच्या यंत्राची गरज पडली नाही कधी.

मुंग्यांसाठी स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. हळदीची रेघ पावसात टिकत नाही.

उपनगरी | १४ जुलै, १३:४०

तळातलं ते काळं पाणी म्हणजेच व्हर्मिवॉश ना? आमच्याकडे एक जण बाटलीत भरून विकतो. फेकू नका!

सूक्ष्मदर्शक | १४ जुलै, १४:१०

नाही हो. ते सडलेल्या कचऱ्याचं पाणी. व्हर्मिवॉश म्हणजे तयार, वास नसलेल्या खतातून आणि गांडुळांतून हळूहळू झिरपवलेलं पाणी. त्याचा रंग काळ्या चहासारखा असतो आणि नाक मुरडावं लागत नाही. हे घाण पाणी कुंडीत ओतलंत तर मुळं जळतील. गटारात घाला.

पाचटवाला | १४ जुलै, २१:५०

दिवसभर रानात हुतो, आत्ता वाचलं. सर म्हंत्यात ते शंभर टक्के बरुबर. फकस्त एक बोलतो. शहरातल्या मान्सांच्या ड्रमात ओलं लई आन् वाळकं कायच न्हाई. आमी शिरोळकडली मानसं, आमच्याकडं वाळक्याला तोटा न्हाई. ऊस तुटला की एकरी तीन-चार टन पाचट पडतंय. निम्मी मानसं काडी वडत्यात त्येला. धूर बघवत न्हाई.

माजं बेड बारा बाय चार, दोन फूट उंच, वर छप्पर. पाचट आदी भाईर ढीग लावून कुजवतो. टनाला आठ किलो युरिया, धा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो पाचट कुजवायचं जिवानू, आन् शेणकाला. थर द्याचा, पानी मारायचं, तुडवायचं. म्हैना-दीड म्हैन्यात तांबडं-काळं पडतंय, हातात घेतलं की तुटतंय. मग बेडात. तवर गांडुळाला त्येच्या जवळ फिरकू देत न्हाई. कारखान्याची मळी, म्हंजी रसाचा गाळ, मिळाली तर तीबी चालते, पर गरम मळी घातली की खेळ खल्लास. कवातरी ट्रॉलीतनं वाफा निघत्यात तसलीच लोकं घालत्यात.

ताई, तुमच्या गोठ्यातल्या म्हशीस्नी जंताचं औषध दिलंवतं का तेबी इचारा. दिलं असंल तर काय दिवस त्ये शेण घिऊ नका.

हिशेबी | १४ जुलै, २२:३०

सगळं छान. पण गांडूळखताचा फार उदोउदो होतो, म्हणून थोडे आकडे.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात नत्र किमान १ टक्का हवं. तेवढंच धरलं तर एका युरियाच्या गोणीइतकं नत्र मिळवायला दोन टनांहून जास्त गांडूळखत लागेल. आडसाली (दीड वर्षाच्या) उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. करा भागाकार: १६ टन! बाजारभावाने विकत घेऊन उसाला घालणारा एक तर पुढारी असेल, नाही तर कर्जात.

पाचटवाला | १४ जुलै, २२:५५

इकत घिऊन उसाला घाला आसं कोन म्हनतंय मालक? मी सोता इकत घेत न्हाई. रोपवाटिकेला, मिरचीला, दोडक्याला घालतो. उसाला पाचटच सरीत ठेवतो, त्येच्याखाली दानवं, म्हंजी रानातली गांडुळं, आपसूक येत्यात. नत्राचा हिशोब तुमचा खरा. पर माज्या रानात पयल्यांदा पाऊस पडला की पानी तळ्यावानी थांबायचं, आता मुरतंय. त्ये कुठल्या गोणीत मिळतंय त्ये सांगा.

हिशेबी | १४ जुलै, २३:०१

ते मान्य. मी खत म्हणून बोलत होतो, जमीन म्हणून नाही.

पुण्यात_कोल्हापूरकर | १५ जुलै, ९:१०

दानवं! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आजी म्हणायची, "दानवं दिसली की रान जितं हाय." इथं पुण्यात कुणाला सांगितलं तर राक्षस समजतात.

पोतं विकत घेताना चांगलं-वाईट कसं ओळखायचं? मागच्या वेळी घरी येऊन उघडलं तर निम्मी माती.

सूक्ष्मदर्शक | १५ जुलै, १०:४५

त्याच खत नियंत्रण आदेशात आणखीही निकष आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, दुर्गंधी अजिबात नाही, रंग गडद तपकिरी ते काळा आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. घरी मूठभर पाण्यात ढवळून ठेवा. वाळू-माती लगेच तळाशी बसते, मग किती भेसळ आहे ते कळतं. ओल्या पोत्याचं वजन म्हणजे पाण्याचे पैसे.

गांडुळं किलोवर घेतानाही हेच. बहुतेक वेळा किलोत अर्धा कोकोपीट असतो. ताई, तुमचा किलो किती होता ते आता वेचताना कळेलच.

गच्चीवरची_बाग | १५ जुलै, १९:२५

कळलं. दोन तास बसून वेचली. जिवंत निघाली साधारण दोनशे. मेलेली आणि जिन्यातून गेलेली आणखी शंभर धरू. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, पावसात वजन कमी होतं." माझं तर पावसात वाढतं.

पण एक गंमत दिसली. चिखलाच्या कडेला, शेंड्यांत, बारीक पिवळट मणी. मोहरीपेक्षा थोडे मोठे, दोन्ही टोकांना निमुळते, अगदी इवलंसं लिंबू. फेकणारच होते. ही अंडी का?

सूक्ष्मदर्शक | १५ जुलै, १९:५०

फेकू नका! कोष आहेत ते. गांडूळ उभयलिंगी असतं, पण आयसेनियाची दोन एकत्र येतात आणि मग दोन्ही कोष घालतात. एका कोषातून साधारण दोन-तीन पिल्लं, तीन आठवड्यांच्या आसपास. निघायच्या आधी रंग तांबूस होतो. पिल्लं पांढऱ्या दोऱ्याएवढी असतात, भिंगाशिवाय नीट दिसायची नाहीत.

पाचटवाला | १५ जुलै, २१:१५

कोषाचं आमाला म्हापुरानं शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टात पानी शेडाच्या पत्र्याला लागलं. आमी जनावरं घिऊन वरच्या गावाला. पानी वसरल्यावर आलो तर बेडात नुस्ता गाळ, गांडूळ एक दिसंना. ताडपत्री गुंडाळून ठिवली आन् सोडून दिलं, घरातलाच चिखल काढायचा हुता. म्हैन्यानं खोऱ्यानं वडाय गेलो तर गाळाखालच्या पाचटात पांढऱ्या दोऱ्यांची गिचमिड. बायको म्हनली, ही आपल्यापरीस चिवट.

उपनगरी | १६ जुलै, ८:२०

एक मूलभूत शंका. ही आयसेनिया परदेशी ना? मग देशी गांडूळ का वापरत नाही आपण? आणि उरलेली शेतात सोडली तर चालतील का?

सूक्ष्मदर्शक | १६ जुलै, ९:३०

आयसेनिया मूळची युरोपातली, युड्रिलस आफ्रिकेतली. दोन्ही कुजणाऱ्या थरात राहतात, जमिनीत खोल बिळं करत नाहीत. उघड्या रानात सोडली की उन्हात मरतात, नाही तर बगळ्यांची मेजवानी. जमीन भुसभुशीत करणारी आपली स्थानिक गांडुळं वेगळी. ती माती खातात, खोल जातात, पण डब्यात कोंडली तर कचऱ्याचं खत लवकर करून देत नाहीत. ज्याचं काम त्यालाच.

डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही जमिनीतल्या गांडुळांवर. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती त्यांच्या पोटातून जाते असा त्याचा अंदाज होता. त्याने त्यांना वाद्यंसुद्धा ऐकवली. आवाजाने काही फरक पडला नाही, पण कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला की गांडुळं बिळात पळायची. ऐकू येत नाही, हादरा कळतो.

तिखटजाळ | १६ जुलै, ९:३४

मग गणपतीत महाद्वार रोडला डॉल्बी लागल्यावर शिवाजी पेठेतल्या गांडुळांचं काय?

राजारामपुरीचा_बोळ | १६ जुलै, ९:४०

आमचं काय होतं ते आधी विचारा.

करवीरकाकू | १६ जुलै, १६:००

गणपतीवरून आठवलं. निर्माल्य घालणार असाल तर दोरे, तारा, प्लास्टिकची जर आधी काढा. झेंडू, शेवंती, दुर्वा वाळवून घातल्या तर छान होतं. गुलाल लागलेली फुलं, कापूर, उदबत्तीची राख मी घालत नाही. लिंबाच्या साली, कांदा-लसूण, लोणच्याची फोड हेही नाही. अंड्याची टरफलं मात्र कुटून घालते, आंबटपणा मारतात. पांढऱ्या रश्श्यातली हाडं घालायचा मोह झाला तर आधी चिचुंद्रीचा विचार करा. तिला हाडंही आवडतात आणि गांडुळं त्याहून. माझा अख्खा क्रेट एका रात्रीत साफ केला होता तिने. तेव्हापासून वर बारीक जाळी आहे.

गच्चीवरची_बाग | २४ ऑगस्ट, १०:१५

धागा वर काढते. ड्रम अजून गच्चीवरच आहे. सासऱ्यांना रविवारी वर नेलं, मूठभर हुंगायला दिलं. म्हणाले, "पहिल्या पावसाचा वास आहे." त्यावर काही बोलले नाहीत, पण सोमवारी पेन्शनरांच्या कट्ट्यावरून येताना बदामाचा वाळका पाला पिशवीभर घेऊन आले. आता रोज आणतात. कट्ट्यावर त्यांना काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

पाचटवाले दादा, तुमच्या सांगण्यावरून माहेराहून दोन पोती पाचट मागवलं. कात्रीने कापता कापता हाताला फोड आले आणि कुसळं टोचली ती वेगळीच. पण ड्रमचा चिखल थांबला तो पाचटानंच. आता दोन बादल्या ठेवल्यात. पहिल्यात ओला कचरा आणि पाचट, थरावर थर, आठ-दहा दिवस. वाफ निघायची थांबली की मग ड्रममध्ये, तेही एका कडेला. दुसऱ्या दिवशी त्या कडेला उकरून बघते, गांडुळं आली नसतील तर अजून शिजलं नाही असं समजते. आमटी कुणालाच नाही.

पिल्लं निघाली! मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पाचटवाला | २४ ऑगस्ट, २०:४०

पाचट कातरीनं कापत न्हाईत ओ ताई, कुट्टीच्या मशीनीतनं काढत्यात. गावाकडं सांगितलं आसतंसा तर कुट्टी करूनच धाडली आसती.

गच्चीवरची_बाग | २४ ऑगस्ट, २०:५२

हे आधी सांगायचं ना!

तिखटजाळ | १९ सप्टेंबर, २३:४५

विसर्जन झालं. डार्विनचा प्रयोग झाला का?

गच्चीवरची_बाग | २० सप्टेंबर, ७:३०

झाला. मिरवणुकीच्या रात्री खिडकीच्या काचा थरथरत होत्या. टॉर्च घेऊन वर गेले, वरच्या थरात एकही नाही, सगळी तळाला गोळा. मीही त्यांच्यात जाऊन बसले असते.

उपनगरी | १२ ऑक्टोबर, ११:००

खत निघालं का? पाणी कधी बंद करायचं आणि गांडुळं वेगळी कशी करायची हे कुणी सांगेल का? माझं आता होत आलंय.

करवीरकाकू | १२ ऑक्टोबर, ११:४०

वरचा थर चहापत्तीसारखा दिसायला लागला की पाच-सहा दिवस पाणी बंद. मग सकाळच्या उन्हात पोत्यावर शंकूसारखा ढीग करायचा. उजेडाला भिऊन गांडुळं खाली खाली जातात. तास-दीड तासाने वरचं वरचं हाताने काढून घ्यायचं, परत थांबायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो नव्या बिछान्यात. घाई केली की चाळणीत गांडुळं तुटतात, आणि दोन तुकड्यांची दोन होतात ही शाळेतली थाप आहे.

गच्चीवरची_बाग | १८ ऑक्टोबर, १८:२०

तसंच केलं. चाळून अकरा किलो भरलं, सासऱ्यांनी रद्दीवाल्याचा काटा आणून वजन केलं. पहिलं ओंजळभर त्यांनी स्वतःच्या तांबड्या जास्वंदीला घातलं, दुसरं तुळशीला, मग मला म्हणाले, "बाकीचं तुझं." चाळणीवर राहिलेल्या अर्धवट काड्या आणि पाचटाचे तुकडे परत ड्रममध्ये.

आणि आज खालच्या वहिनी वर आल्या होत्या. बराच वेळ कठड्याला टेकून इकडचं तिकडचं बोलल्या. जाताना म्हणाल्या, "त्या दिवशीची ती... आमच्यासाठी थोडी देता का?" उद्या सकाळी न्यायला येणारेत. पेढ्यांचा डबा आणते म्हणाल्या होत्या. म्हटलं, झाकणाचा डबा नको, बादली आणा, आणि भोकं पाडून आणा.